म्हशाची जत्रा आणि दहावी

पौष पौर्णिमेला म्हसा गावात म्हशाची जत्रा भरते आणि आमच्या वेळी मार्च आला की बोर्डाची परीक्षा असायची. आमच्या मुरबाडकडच्या पोरांच्या उजळणीला ही जत्रा कायम आडवी आली. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे! आई म्हणायची, "जा एक दिवस, पण रात्री पुस्तक उघड."

1975 साली मात्र आमच्या घराची परीक्षाच होती. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन्ही एसएससी एकदमच झाल्या. दादा अकरावीला, ताई दहावीला आणि कंदील एकच. वडिलांनी जत्रेत खोंड विकला, त्यातून दोघांची पुस्तकं आली.

दादासारख्यांना एसएससीनंतर थेट कॉलेज. ताईच्या वाट्याला मात्र नवं ज्युनिअर कॉलेज आलं. बारावीची पहिली परीक्षा 1977 साली झाली. शाखा निवडायची पंधराव्या-सोळाव्या वर्षीच. विचारायचं कुणाला? वडिलांना भाताच्या जाती ठाऊक, शाखा नव्हेत. मग गुरुजी सांगतील ते खरं. गणित बरं तर सायन्स, नाहीतर आर्ट्स. हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता. ताईचं गणित दादापेक्षा चांगलं होतं, तरी मुलगी म्हणून तिला आर्ट्सलाच घातलं.