एका फिल्मचे दोन वाचक : स्कॅनवाचनातल्या एकमताची कुळकथा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की बारामती काय नि इंदापूर काय, घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : स्टेज कितवी? गाठ ग्रंथीच्या आतच आहे, लसिकाग्रंथींत उतरली आहे की हाडांपर्यंत पोचली आहे, यावर शस्त्रक्रिया, रेडिएशन की हार्मोनची औषधं हे ठरतं. कॅन्सर किती आक्रमक आहे ते बायोप्सीतून कळतं. तो कुठवर गेला हे मुख्यतः स्कॅन सांगतो. खरं तर स्कॅन काहीच सांगत नाही, तो वाचणारा डॉक्टर सांगतो. यंत्र किती टेस्लाचं याची चौकशी होते, वाचणाऱ्याची फारशी होत नाही. दोन जाणकार एकच चित्र सारखंच वाचतील, असं आपण धरून चालतो. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर पन्नासेक वर्षं वैद्यकही तसंच धरून चाललं होतं.

ते गृहीतक मोडलं क्षयरोगाच्या फिल्मवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत छातीच्या सामूहिक तपासणीसाठी चार प्रकारच्या फिल्मपैकी सरस कोणती, हे ठरवायचं होतं. हजारावर माणसांच्या फिल्म पाच वाचकांपुढे ठेवल्या. 1947मध्ये छापून आलेला निष्कर्ष भलताच होता : फिल्मच्या प्रकारांत जेवढा फरक, त्याहून जास्त वाचकावाचकांत. तीच फिल्म काही काळानं पुन्हा दाखवली तर डॉक्टर स्वतःचंच आधीचं मत फिरवत होता. हिशेब मांडणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी होते. सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गार्लंड यांनी 1949मध्ये तो आपल्याच व्यवसायापुढे ठेवला. 1960मध्ये मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी एकमत मोजायला ‘कप्पा’ हे माप दिलं. समजा, दोन डॉक्टरांनी शंभर स्कॅन वाचले, प्रत्येकानं नव्वद निर्दोष ठरवले आणि नव्वद स्कॅनवर त्यांचं जुळलं. ऐकायला झकास. पण डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी सरासरीनं ब्याऐंशी जुळलेच असते. योगायोग वजा केला की कप्पा उरतो जेमतेम 0.44. रोगी थोडे आणि निरोगी फार, तिथं नुसत्या टक्केवारीनं फसगत होते ती अशी.

फरक मोजता आला, पण कमी कसा करायचा? माझ्या मते या कुळकथेतला खरा शोध इथंच आहे : एकमत ही नजरेची देणगी नसून नियमांनी घडवायची वस्तू आहे. 1993मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं स्तनांच्या तपासणीसाठी बाय-रॅड्स काढलं. ठरलेले शब्द, ठरलेले वर्ग. त्याच वळणावर 2012मध्ये युरोपात प्रोस्टेटच्या एमआरआयसाठी पाय-रॅड्स आलं, 1 ते 5 गुणांचं. 2015च्या आवृत्तीनं ग्रंथीच्या बाहेरच्या भागात कोणत्या चित्रमालिकेला प्राधान्य द्यायचं आणि आतल्या भागात कोणत्या, तेही ठरवून दिलं. तरी 2016च्या एका अमेरिकी अभ्यासात सहा अनुभवी वाचकांचा कप्पा बाहेरच्या भागासाठी 0.59 आणि आतल्या भागासाठी 0.51 एवढाच आला. नियमांनी वाद संपला नाही. तो नेमका कुठं आहे ते दिसलं.

चांगलं यंत्र आलं की हा प्रश्न उरणार नाही, असा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. 2020मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 302 रुग्णांच्या चाचणीत पीएसएमए पेट स्कॅनची अचूकता 92 टक्के आली, जुन्या सीटी-बोनस्कॅनची 65. संदिग्ध निष्कर्षही 23 टक्क्यांवरून 7वर आले. पण पोटातल्या मज्जातंतूंच्या गाठी या स्कॅनवर चमकून लसिकाग्रंथींसारख्या दिसतात, बरगडीवरचा निरुपद्रवी ठिपका हाडातला कॅन्सर वाटू शकतो. म्हणून त्यासाठीही 2018मध्ये ‘प्रॉमिस’ नावाची वाचनपद्धती बांधावी लागली. संगणकाला काम देऊ म्हणावं, तर त्यालाही शिकवताना बऱ्याचदा माणसांनीच खुणा केलेली चित्रं दाखवतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. उसाचं वजन बाहेरच्या काट्यावर करून आणू द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी. बाहेरचा काटा नि कारखान्याचा काटा जुळले तरी दोन्ही सारखेच मारलेले असू शकतात. मान्य. एकमताची परीक्षा शेवटी काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीवर आणि रुग्णाच्या पुढच्या वाटचालीवरच होते. पण काटे जुळले नाहीत तर निदान एक तरी खोटा आहे, एवढं त्याच क्षणी कळतं. ठरलेल्या नमुन्यानं तज्ज्ञाची नजर बांधली जाते, ही तक्रार मला पटत नाही; नमुन्याखाली चार ओळी मोकळ्या लिहायला कोणी अडवलेलं नाही.

या पट्ट्यात तर एकसारखेपणाची गरज अधिक. बारामतीत 2019पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी कॅन्सरची फाईल अनेकदा पुण्याला किंवा सोलापूर-बार्शीकडे फिरते, आणि दर ठिकाणी वाचणारा नवा. बार्शीत 1987पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. लोकांत जागृती वाढली तसा गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागला, हे तिथल्या नोंदींवरून 1995मध्ये मांडता आलं. टप्पा कोणी कसाही लिहिला असता तर त्या आकड्यांना अर्थ राहिला नसता. तेव्हा पुण्याचा रस्ता धरण्यापूर्वी रिपोर्टच्या कागदासोबत स्कॅनची सीडी मागून घ्या. एमआरआयच्या रिपोर्टात पाय-रॅड्सचा गुण नसेल तर तो लिहून मागा, आणि दोन रिपोर्ट जुळत नसतील तर उपचार ठरण्याआधी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.