ठेचेचे दगड

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. ही म्हण आपल्या आयाबायांच्या तोंडी आहे. पण पुढचा जिथं ठेचकाळला ती जागाच कुणी सारवून सपाट केली, तर मागच्याने शहाणं व्हायचं कसं?

गुंटर डेमनिग नावाच्या जर्मन कलावंताने या सवालाचं उत्तर फूटपाथवर ठोकलं. त्याच्या दगडांना त्याने नावच दिलं : ठेचेचा दगड.

सुरुवात कोलोन शहरातली. मे १९४० मध्ये तिथून सिंटी आणि रोमा लोकांना गोळा करून, गाडीत कोंबून पोलंडला हाकललं. जग ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतं ते हे लोक. हजार माणसं. त्यांच्या भाषेचं मूळ आपल्या देशात सापडतं, हे मुद्दाम सांगतो. १९४५ साली नाझी गेले, पण न्याय आला नाही. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या वरच्या कोर्टाने निकाल दिला की १९४० ची ती हकालपट्टी वंशद्वेषातून झालीच नव्हती, तो पोलिसी बंदोबस्त होता. म्हणजे भरपाई मागू नका. तो वंशसंहार होता, हे सरकारने तोंडाने कबूल करायला १९८२ साल उजाडलं.

१९९० मध्ये त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. लोकांना ज्या वाटेने स्टेशनवर नेलं, त्या वाटेवर डेमनिगने रंगाने अक्षरं उमटवली. पुढे ती पुसट झाली, तो पुन्हा उमटवायला गेला. तेव्हा तिथली एक म्हातारी त्याला म्हणाली, इथं आमच्यात जिप्सी कधी राहतच नव्हते. म्हातारी खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. भयंकर आहे ते हेच. माणूस मारला तरी मारणाऱ्याचं काम अर्धंच होतं. तो इथं राहतच नव्हता असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू लागलं, की पुरं होतं.

म्हणून हा दगड. काँक्रीटचा ठोकळा, वर दहा सेंटिमीटर लांबरुंद पितळी पत्रा. माणूस शेवटचा स्वतःच्या मर्जीने जिथं राहिला, त्या घरासमोर फरशीत बसवायचा. पहिली ओळ बहुतेक ठिकाणी एकच : ‘इथं राहत होता’, ‘इथं राहत होती’. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं मारलं. बस्स. एका दगडावर एकच माणूस.

पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ ला कोलोनच्या नगरभवनासमोर बसला. त्याच तारखेला पन्नास वर्षांपूर्वी हिमलरने रोमा लोकांना ऑश्विट्झला धाडायचा हुकूम काढला होता. त्या दगडावर त्या हुकमाचेच शब्द आहेत. १९९६ मध्ये बर्लिनला डेमनिगने परवानगी न काढताच दगड बसवले. आणि मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. १९३५ चे वंशशुद्धीचे कायदे ज्या शहरात जाहीर झाले, तेच हे न्यूरेंबर्ग. सर्वांत जास्त नावं ज्यूंची. त्यांच्यासोबत रोमा, कम्युनिस्ट, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार, आणि जगायला नालायक ठरवून मारलेली अपंग माणसं.

मी गिरणीतला माणूस. म्हणून यातली एक गोष्ट मला फार लागली. पत्र्यावरची अक्षरं मशीनवर काढत नाहीत. २००५ पासून मिखाएल फ्रीडरिश्स-फ्रीडलेंडर हा कारागीर ठसा धरून, हातोड्याचा घाव घालून एकेक अक्षर उठवत आला. मशीन लावलं तर एका पाळीत किती माल निघेल, हे मला कुणी शिकवायला नको. पण तिथं मारणंच कारखान्यासारखं चाललं होतं. याद्या, शिक्के, गाड्यांचं वेळापत्रक. मरायला नेलेल्या माणसाचंसुद्धा रेल्वे तिसऱ्या वर्गाचं भाडं लावत होती, लहान पोरांचं अर्धं. मग नाव तरी हाताने घडू दे. एकेक.

आणि घरासमोरच का? ऑश्विट्झ दूर पोलंडात. दूरच्या जागेवर पाप ढकलणं सोपं असतं. पण माणूस निघाला तो घरातून. जिना उतरला, गल्ली ओलांडली, शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं. १८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून ज्यूंची पहिली गाडी सुटली. मागे राहिलेलं सामान सरकारने जप्त केलं. हॅम्बुर्गसारख्या शहरात अशा सामानाचे जाहीर लिलाव झाले. पलंग, चादरी, भांडीकुंडी. बोली लावायला साधी संसारी माणसं आली होती. आपल्याला काही माहीतच नव्हतं, असं त्यांनी नंतर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

या दगडांना विरोधही झाला, आणि तो ऐकावा असा आहे. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लॉख लहानपणी एका खेड्यात लपून वाचल्या. त्या म्हणाल्या, आमच्या माणसांना एकदा तुडवलं, आता त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. म्युनिकने २००४ मध्ये सरकारी जागेत हे दगड नाकारले. पायाखाली असणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. बाईचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. डेमनिगची बाजू अशी, की नाव वाचायचं तर वाकावं लागतं. म्युनिकने २०१८ पासून वेगळी वाट काढली : घराच्या भिंतीवर किंवा समोरच्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला पाटी. पाटी वर असावी की खाली, यावर खुशाल भांडावं. पत्ता मात्र दोघांनीही सोडलेला नाही.

पत्ता झोंबतोच. नोव्हेंबर २०१२ मध्ये ग्राइफ्सवाल्ड गावातले अकराच्या अकरा दगड कुणीतरी रात्रीत उखडून नेले. लोकांनी वर्गणी काढून नवे बसवले. पितळ काळं पडतं, म्हणून ९ नोव्हेंबर आणि २७ जानेवारीला माणसं गुडघ्यावर बसून ते घासतात. शाळेची पोरं दप्तरखान्यात जुन्या याद्या चाळतात, एखाद्या नावामागचं घर शोधून काढतात.

दोस्तांनो, इतिहास लिहायला बसाल तेव्हा मेलेल्यांच्या आकड्यावर थांबू नका. लाखाचा आकडा ऐकून कुणाची झोप उडत नाही. नाव विचारा. घर कुठलं, तारीख कुठली, न्यायला कोण आलं, कागदावर सही कुणाची, शेजारी कोण होते, सामान कुणी नेलं, हे सगळं विचारा. उत्तर मिळेल ते लिहून ठेवा, आणि जिथं घडलं तिथंच ठेवा.