दोन हातांचं अंतर

अमेरिकन फुटबॉलच्या शौकिनांना विचारा, की या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात वेडगळ निर्णय कुठला? बरेच जण क्षणाचाही विचार न करता उत्तर देतील: १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल, सिअ‍ॅटल सीहॉक्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिअट्स. विजयरेषा एक यार्डावर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम दोन हातांवर. संघात मार्शॉन लिंचसारखा रेड्याच्या ताकदीचा धावपटू. आणि चेंडू त्याच्या हातात द्यायचा सोडून सिअ‍ॅटलने पास फेकला. तो पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि हातात आलेलं विजेतेपद गेलं. "लिंचला का नाही दिला?" हा प्रश्न तेव्हापासून जो सुरू आहे तो आहेच.

मला हा प्रश्न खेळापेक्षा इतिहासाच्या दृष्टीने जास्त रंजक वाटतो. एखादी गोष्ट घडून गेली, की तिचा शेवट आपल्याला माहीत असतो आणि मग आपण तो शेवट हातात धरून मागे मागे चालत जातो. वाटेत जो पहिला माणूस भेटेल त्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे होतो. त्या सामन्याचं नेमकं हेच झालं आहे. म्हणून म्हटलं, जरा सावकाश, घड्याळ लावून पाहू या.

घरातल्या ज्या मंडळींना हा खेळ म्हणजे "हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचं" एवढाच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि दोन्ही बाजू गुपचूप आपापली चाल ठरवतात. चेंडू घेऊन धावायचं की फेकायचा, हे एका बाजूने ठरवायचं. कोणी कोणाला किंवा कुठल्या जागेला राखायचं, हे दुसऱ्या बाजूने. या राखणीला कव्हरेज म्हणतात. क्रिकेटमधली क्षेत्ररचनाच म्हणा ना, फक्त ती प्रत्येक चेंडूला नव्याने लावायची. आणि अजून एक महत्त्वाचं: पास कोणी पकडला नाही तर घड्याळ थांबतं. धावणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं तर घड्याळ चालूच राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिअ‍ॅटल आदल्या वर्षीचा विजेता. २ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवला होता. प्रशिक्षक पीट कॅरलची ओळख म्हणजे 'कव्हर थ्री'. मागचं सगळं मैदान तीन उभ्या पट्ट्यांत वाटायचं, कडेच्या दोन पट्ट्या दोन कॉर्नरबॅकना, मधली सेफ्टीला. चौघे पुढच्या भागात पसरायचे आणि उरलेले चौघे क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडायचे. रचना अगदी साधी, पण मधल्या पट्टीत अर्ल थॉमस आणि कडेला रिचर्ड शर्मन असले, की लांबचा पास टाकायची कोणाची छाती होत नसे.

पेट्रिअट्सने यावर उत्तर काढलं ते संयमाचं. लांब टाकायचंच नाही! टॉम ब्रेडीने त्या दिवशी ५० पास फेकले आणि त्यातले ३७ पोचले, बरेचसे अगदी आखूड. शेन व्हरीन या धावपटूनेच ११ पास पकडले, एकूण यार्ड फक्त ६४. मिळेल तेवढं घ्यायचं आणि पुढे सरकायचं, संसार करतात तसं. त्यात सिअ‍ॅटलला दुखापतींनी गाठलं. जेरेमी लेनने पहिल्याच क्वार्टरमध्ये ब्रेडीचा पास पळवला खरा, पण तो घेऊन धावताना पडला आणि हात मोडून घेतला. त्याच्या जागी आलेल्या थॅरल्ड सायमनला ब्रेडीने मग शोधून शोधून लक्ष्य केलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये क्लिफ अ‍ॅव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि ब्रेडीवरचा दबाव सैल पडला.

पेट्रिअट्सचंही काही आलबेल नव्हतं. क्रिस मॅथ्यूज नावाच्या उंचपुऱ्या खेळाडूने त्याआधी या लीगमध्ये एकही पास पकडलेला नव्हता. त्याने या सामन्यात चार पासांत १०९ यार्ड काढले. कॉर्नरबॅक काइल अ‍ॅरिंग्टन त्याच्यापुढे तोकडा पडत होता, उंचीने आणि नशिबानेही. तेव्हा पेट्रिअट्सनी राखण बदलली. धिप्पाड ब्रँडन ब्राउनरला मॅथ्यूजवर लावलं, अ‍ॅरिंग्टनला बसवलं आणि त्याच्या जागी एक नवखा पोरगा आत आणला. माल्कम बटलर. वेस्ट अलाबामा नावाच्या लहानशा विद्यापीठातून आलेला, लीगच्या निवडीत कोणत्याही संघाने न घेतलेला, शिकत असताना मध्ये काही काळ तळलेल्या चिकनच्या दुकानात काम केलेला. मॅथ्यूजला त्यानंतर एकही पास मिळाला नाही. शेवटच्या क्षणाची पाळंमुळं या बदलात आहेत, पण त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मध्यंतराच्या आधीचाही एक प्रसंग सांगायलाच हवा. सहा सेकंद उरले होते, सिअ‍ॅटल ११ यार्डावर. शहाण्या माणसाने चेंडू लाथाडून तीन गुण पदरात पाडले असते. कॅरलने धोका पत्करून पास टाकायला लावला. मॅथ्यूजने पकडला, सात गुण, १४-१४ अशी बरोबरी. या धाडसाचं तेव्हा कौतुक झालं. माणूस तोच, स्वभाव तोच, संध्याकाळही तीच!

तिसऱ्या क्वार्टरअखेर सिअ‍ॅटल २४-१४ पुढे. सुपर बोलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये दहा गुणांची पिछाडी तोवर कोणीही भरून काढली नव्हती. ब्रेडीने ती काढली. शेवटचा टचडाउन ज्युलियन एडलमनचा, सायमनला चकवून. हीच चाल आधीच्या चढाईत एकदा करून पाहिली होती. एडलमन मोकळा सुटला होता, पण ब्रेडीचा पास हुकला होता. पुन्हा केली, या वेळी जमली. २८-२४, दोन मिनिटं दोन सेकंद बाकी.

मग सिअ‍ॅटलची चढाई. पहिल्याच पासवर लिंचने ३१ यार्ड नेले. थोड्या वेळाने जर्मेन कर्सने तो अचाट झेल घेतला. बटलरच्या हाताने उडालेला चेंडू जमिनीवर पडलेल्या कर्सच्या अंगावर नाचत राहिला आणि त्याने पाठीवर पडल्या पडल्या तो पकडला. पाच यार्डावर. याच मैदानात २००८ साली डेव्हिड टायरीने असाच अशक्य झेल घेऊन पेट्रिअट्सच्या तोंडचा घास काढला होता. पुन्हा तेच, असं त्यांच्या पाठीराख्यांना वाटलं असणार. बटलरने मात्र डोकं शांत ठेवून उठून पळू लागलेल्या कर्सला मैदानाबाहेर ढकललं. नाहीतर खेळ तिथेच संपला असता.

एक मिनिट सहा सेकंद बाकी. सिअ‍ॅटलने टाइम-आउट घेतला, आता एकच शिल्लक. पुढच्या डाउनला चेंडू लिंचलाच दिला होता, हे लोक विसरतात. त्याने चार यार्ड काढले. एका यार्डावर डाँटा हायटावरने त्याचे पाय धरून पाडलं.

आता इथे पेट्रिअट्सच्या प्रशिक्षकाने, बिल बेलिचिकने, टाइम-आउट घ्यायला हवा होता. दोन शिल्लक होते. सिअ‍ॅटलचे गुण झालेच, तर ब्रेडीला निदान अर्धं मिनिट मिळालं असतं. सगळं जग त्याच्याकडे बघत होतं आणि तो ढिम्म उभा. त्याचं म्हणणं नंतर बाहेर आलं, की समोरच्या बाजूला काहीतरी गडबड दिसत होती आणि ती निस्तरायला त्यांना वेळ का द्यायचा? सिअ‍ॅटलने तीन रिसीव्हर उतरवलेले पाहून त्याने विजयरेषेवरची, तीन कॉर्नरबॅक असलेली रचना मागितली. सेफ्टींचा प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेसने हाक मारली, "माल्कम, जा!" आणि बटलर धावत आत गेला.

सिअ‍ॅटलच्या बाजूने हिशोब पाहा. डाउन तीन शिल्लक, टाइम-आउट एक आणि चेंडू खेळात आला तेव्हा घड्याळात २६ सेकंद. आधी धावले आणि अडले, तर शेवटचा टाइम-आउट गेला. मग तिसऱ्या डाउनला पुन्हा धावून अडले, तर घड्याळ थांबवायला काहीच नाही. म्हणजे त्या डाउनला पासच टाकावा लागणार आणि समोरच्यालाही ते कळणार. उलट आधी पास टाकला आणि तो नुसता खाली पडला, तर घड्याळ फुकटात थांबतं. मग तिसऱ्या डाउनला लिंच, टाइम-आउट, चौथ्याला पुन्हा लिंच. तिन्ही प्रयत्न पूर्ण मिळतात. शिवाय समोर धाव रोखायला सगळी दांडगी माणसं उभी. आणि लिंच म्हणजे हुकमाचा एक्का असला, तरी त्या हंगामात एक यार्डावरून पाच वेळा धावून त्याने एकदाच गुण मिळवला होता. त्याच हंगामात साऱ्या लीगमध्ये एक यार्डावरून शंभराच्या वर पास फेकले गेले आणि एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नव्हता.

टीका करायचीच, तर कुठला पास यावर करा. कोपऱ्यात उंच टाकला असता, तर आपल्याच माणसाला मिळाला असता किंवा बाहेर गेला असता. त्यांनी निवडला आतल्या गर्दीत जाणारा तिरका पास. उजवीकडे दोघे एकामागे एक उभे, पुढे कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. कर्सने पुढे घुसून बटलरची वाट अडवायची आणि लॉकेटने त्या आडोशाने आत शिरायचं.

पण कर्ससमोर ब्राउनर होता, काही काळापूर्वीच सिअ‍ॅटलकडून खेळलेला. त्याने ती मांडणी ओळखली, पुढचा माणूस माझा, मागचा तुझा, असं बटलरला सांगितलं आणि कर्सला जागच्या जागी दाबून धरलं. आडोसाच राहिला नाही. आणि बटलर? त्याच आठवड्यात सरावात हीच चाल त्याच्यावर खेळली गेली होती. तो अडथळ्याला वळसा घालून मागून गेला होता, उशीर झाला होता आणि गुण गेले होते. या वेळी दोघांना एकामागे एक उभं पाहताच तो सरळ पुढे झेपावला. रसेल विल्सनच्या हातातून चेंडू सुटला तेव्हा त्याला लॉकेट मोकळा दिसत होता. चेंडू पोचेपर्यंत तिथे बटलर होता. त्याच्या कारकिर्दीतलं हे पहिलं इंटरसेप्शन! घड्याळात २० सेकंद.

म्हणजे सहा सेकंदांत जे झालं, त्यात एका प्रशिक्षकाची चूक कितपत? निम्म्या सामन्यात केलेला खेळाडूबदल, न घेतलेला टाइम-आउट, ब्राउनरची ताकद, सरावातली एक फजिती. यातलं एक काढलं, तरी गोष्ट वेगळी झाली असती आणि कॅरलला आपण आज द्रष्टा म्हणालो असतो. तो स्वतः पुढे एवढंच म्हणाला, की निकाल सगळ्यात वाईट होता, निर्णय नव्हे. आणि दोष मात्र त्याने स्वतःच्या शिरावर घेतला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २४ सप्टेंबर २००७ ला जोहान्सबर्गमध्ये शेवटचं षटक धोनीने जोगिंदर शर्माला दिलं. मिस्बाहचा तो स्कूप श्रीसंतच्या हातात न विसावता चार हात पुढे गेला असता, तर त्या निर्णयाला आपण काय काय नावं ठेवली असती, विचार करा. बेलिचिकचंही तेच. पास पोचला असता, तर टाइम-आउट न घेणारा म्हणून जन्मभर त्याची थट्टा झाली असती.

आणि एक शेवटचं. ४ फेब्रुवारी २०१८. पेट्रिअट्स पुन्हा सुपर बोलमध्ये, समोर फिलाडेल्फिया. हंगामभर खेळलेला बटलर त्या दिवशी बचावात एकदाही उतरला नाही. राष्ट्रगीताच्या वेळी तो रडताना दिसला. पेट्रिअट्स ४१-३३ असे हरले. त्याला का बसवलं, याचं धड स्पष्टीकरण बेलिचिकने दिलं नाही. खेळाच्या दृष्टीने घेतलेला निर्णय, एवढंच उत्तर. २०१५ च्या त्या एका चेंडूमागची कारणं आपल्याला सेकंदासेकंदाने ठाऊक आहेत, कारण जिंकलेले लोक भरभरून बोलले. २०१८ चा हा निर्णय मला कितीतरी जास्त विचित्र वाटतो. पण त्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून तो विस्मरणात चालला आहे.

असो. पुढच्या वेळी कोणी "लिंचला का नाही दिला?" म्हणालं, तर त्याला आधी घड्याळात किती सेकंद होते ते विचारा.