कान्हेरी : ज्वालामुखीच्या खडकातील आपला धम्मवारसा

वर्तकनगरजवळचे येऊरचे डोंगर आणि कान्हेरी लेणी एकाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बनलेल्या या खडकात भिक्खूसंघासाठी शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. पावसाचे पाणी साठवणारी टाकी आजही पाहता येतात. येथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीही नोंद आहे. म्हणजे हा वारसा आपल्याच परिसरातील उपासकांच्या दानातून उभा राहिला.

मात्र येऊरमधून विनापरवाना जंगल तुडवत कान्हेरीला जाऊ नये. तो बिबट्यांचा अधिवास आहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वारातूनच जावे. लेणी क्रमांक 3 मधील चैत्यगृहात आपण शांतपणे वंदन करू, शिलालेखांना हात लावणार नाही आणि आपला कचरा परत आणू.