बेळगावच्या मामांचा प्रश्न

माझे आजोळ बेळगावचे, शहापूर भागातले. गोव्यातल्या पुष्कळ घरांचे कोणी ना कोणी बेळगावात असतेच. आपली भाजी तिथून येते, लग्नाचा बस्ता तिथे बांधला जातो, दुखणे वाढले की गाडी तिकडेच वळते. चोर्ल्याचा घाट चढला की कणकुंबी, मग जांबोटी, आणि तासा-दीड तासात आपण मामांच्या ओसरीवर.

काही वर्षांमागे डिसेंबरात असाच गेलो होतो. चहा झाल्यावर मामांनी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. घराच्या कागदपत्रांसंबंधी आलेली नोटीस होती. कुठल्या कार्यालयाची ते इथे महत्त्वाचे नाही. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत कन्नडमध्ये होती. मामांना कन्नड बोलता येते. बाजारात, बँकेत, शेजाऱ्यांशी ते फाडफाड बोलतात. वाचता मात्र येत नाही. शेवटी शेजारचा सातवीतला मुलगा आला आणि त्याने अडखळत वाचून दाखवले. उत्तर द्यायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.

मामा म्हणाले, "तू लिहितोस न्हवं रे? मग सांग, हे मी कुणाला विचारायचं?"

त्याच दिवशी शहराबाहेर, हलगा-बस्तवाडच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेचे अधिवेशन चालू होते. मंत्री तिथे, सचिव तिथे, आमदार तिथे. मामांच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. तरीही मामांचा प्रश्न मला सोपा वाटला नाही. परतीच्या वाटेवर आणि पुढेही बरेच दिवस मी त्याचाच विचार करत होतो.

लोकप्रतिनिधीने मंत्र्याला प्रश्न विचारायचा आणि मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे, ही रीत आपल्याकडे इंग्रजांमुळे आली, पण ती त्यांनी सुखासुखी दिली नाही. १८६१ च्या कायद्याने कौन्सिले झाली, त्यांत प्रश्न विचारायची सोय नव्हती. १८९२ साली ती मिळाली, पण उत्तर ऐकून गप्प बसायचे, उपप्रश्न नाही. १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ च्या सुधारणांनंतर कुठलाही सभासद उपप्रश्न विचारू लागला. म्हणजे एका साध्या 'पण का?'साठी सत्तावीस वर्षे गेली. या सगळ्या काळात बेळगाव मुंबई इलाख्यात होते. बेळगावचा प्रश्न मुंबईत विचारला जाई.

आपल्या गोव्याचा अनुभव निराळा. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांच्यासारखा माणूस १८६१ साली लिस्बनच्या संसदेत बसला, हे खरे. पण सालाझारच्या राजवटीत इथे सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे तुरुंगाची वाट. त्या काळात आपले कित्येक स्वातंत्र्यसैनिक आसऱ्याला गेले ते बेळगावलाच. डिसेंबर १९६३ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या आणि समोर भाऊसाहेब बांदोडकर, विरोधात जॅक सिक्वेरा असे सभागृह आपण पाहिले. आज वर्तमानपत्रात 'एलएक्यू' हा शब्द वाचताना आपल्याला त्याचे काही वाटत नाही. चाळीस आमदारांचे छोटे राज्य, आमदार घरच्या माणसासारखा ओळखीचा, आणि प्रश्न कोकणीत, मराठीत, इंग्रजीत, कसाही विचारा.

प्रश्नाची खरी ताकद कुठे असते, हे सभागृहाच्या गॅलरीत बसून कळत नाही. तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर मिळते. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित अशी मर्यादा आहे. पण उत्तर तयार करण्यासाठी खात्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तालुक्याहून गावच्या तलाठ्यापर्यंत विचारणा होते. वर्षभर न हललेली फाईल त्या आठवड्यात हलते. मंत्र्याने 'करू' म्हटले तर ते आश्वासन नोंदले जाते. ते पाळले की नाही हे पाहायला लोकसभेने १९५३ मध्येच आश्वासन समिती नेमली. एका प्रश्नाने काय होते याचे उदाहरण द्यायचे तर मुंदडा प्रकरणाचे. १९५७ च्या सप्टेंबरात राम सुभग सिंग यांनी आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवर प्रश्न विचारला, पुढे फिरोज गांधींनी तो धसास लावला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले.

त्याच १९५७ साली लोकसभेत पहिल्यांदा आलेला एक तरुण बॅरिस्टर म्हणजे नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, वाढले बेळगावात. संसदेत त्यांचे वक्तृत्व ऐकायला विरोधी बाकावरचे आणि सत्तेतलेही थांबत. पण ते निवडून येत होते राजापूरहून. ते केंद्राच्या मंत्र्यांना जाब विचारू शकत होते. शहापूरच्या गल्लीतल्या नोटिशीचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा जाब मात्र दिल्लीत विचारता येत नाही, ती राज्याची बाब. १८ जानेवारी १९७१ रोजी, हुतात्मा दिनाच्या दुसऱ्या दिवशी, बेळगावातच त्यांचे निधन झाले. त्यांच्याइतका मोठा संसदपटू ज्या गावाने पाहिला, त्या गावाचा रोजचा प्रश्न त्यांच्याही हाताच्या टप्प्यात नव्हता.

सीमाभागाचे दुखणे आपण नकाशावरून सांगतो. ते प्रश्नोत्तराच्या तासावरून सांगून पाहू. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे गेला. खानापूर, बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. चंदगडच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या आमदाराने मुंबईत मराठीत विचारायचा आणि मंत्र्याने मराठीत उत्तर द्यायचे. शेजारच्या खानापूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न बेंगळुरूला. १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव-निपाणीत जे हुतात्मे झाले, ते या फरकाची आधीच जाणीव झाल्यामुळे.

महाराष्ट्र एकीकरण समितीने मात्र त्या सभागृहाकडे पाठ फिरवली नाही, याची आठवण आज फार जणांना नाही. १९५७ पासून समितीची माणसे निवडणूक लढवून म्हैसूरच्या विधानसभेत जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारे बा. रं. सुंठणकर त्यांपैकीच. राज्यघटनेच्या २१० व्या कलमात सोय आहे की, ज्याला राज्याची भाषा, हिंदी वा इंग्रजी नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. देऊ शकतात, द्यायलाच हवे असे नाही. आणि मराठीत विचारलेले सभागृहाला कळले पाहिजे, उत्तर कन्नडमध्ये आले तर ते विचारणाऱ्याला कळले पाहिजे. तिथे तारांकित प्रश्नाला 'चुक्के गुरुतिन प्रश्ने' म्हणतात. खुणेचा ठिपका एकच, पण तो वाचायला वेगळी लिपी लागते.

निपाणीने याची दुसरी बाजू दाखवली. निपाणी तंबाखूची आणि विडीची पेठ. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. प्रश्न भाषेचा नव्हता, भावाचा होता. सभागृहात ज्याचे उत्तर मिळत नाही तो प्रश्न रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर त्याची किंमत फार वाढते.

कर्नाटकाने २००६ मध्ये पहिल्यांदा बेळगावात अधिवेशन भरवले आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. सरकार तुमच्या दारी आले, असे तिकडून सांगितले जाते. आमच्यावर हक्क सांगायला आले, असे समितीला वाटते, म्हणून अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी समिती महामेळाव्याची हाक देते. अनेकदा त्याला परवानगीच मिळत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी समजू शकतो. पण २०१३ साली समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिणचे आणि खानापूरचे. २०१८ मध्ये एकही निवडून आला नाही, २०२३ मध्येही नाही. समितीतली फाटाफूट हे एक कारण, आणि नव्या पिढीच्या वेगळ्या गरजा हे दुसरे. दारात सभागृह आले तेव्हाच नेमके आतले आसन गेले.

मग मामांचा प्रश्न कोण विचारणार? डिसेंबर २०२२ मध्ये काय झाले ते पाहा. २२ तारखेला बेळगावात कर्नाटक विधानसभेने ठराव केला की एक इंचही जमीन देणार नाही. २७ तारखेला नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकमताने ठराव केला की ८६५ गावांसाठी कायदेशीर लढा देऊ. महाराष्ट्रात सीमाभागासाठी समन्वयक मंत्रीही नेमले जातात. त्यांना मुंबईत प्रश्न विचारता येतो, पण शहापूरची नोटीस मराठीत का नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. आणि आपले पर्वरीचे सभागृह? तिथेही खानापूर तालुक्याचे नाव दरवर्षी घुमते, कणकुंबीच्या कळसा नाल्यामुळे, म्हादईमुळे. पर्वरी खानापूरच्या पाण्याबद्दल बोलते, नागपूर तिथल्या भाषेबद्दल, बेंगळुरू तिथल्या हद्दीबद्दल. तीन सभागृहे त्या गावांविषयी बोलतात. त्या गावातल्या माणसाच्या वतीने विचारणारे कोणी असावे, एवढीच गोष्ट राहून जाते.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो न्यायालयाने ठरवायचा. पण तोवर रोजचे जगणे थांबत नाही. १९५६ नंतर केंद्राने ठरवलेल्या तत्त्वाप्रमाणे जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही मिळायला हव्यात. त्यासाठी घटनेत ३५० ब कलम आले, भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमले गेले, त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. हे मागण्यासाठी कुणी मराठीपण सोडायला नको आणि महाराष्ट्रात जायची इच्छाही सोडायला नको. मला वाटते, सुंठणकरांच्या पिढीला हे कळले होते. दावा वेगळा, प्रश्न वेगळा. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रश्न विचारणे बंद करायचे नसते. आणि तो विचारणारा आमदार समितीचाच हवा असेही नाही. बेळगावात, खानापुरात, निपाणीत कुठल्याही पक्षाचा उमेदवार मराठी मतांशिवाय सहज निवडून येत नाही. त्याला मतदानाआधीच विचारले पाहिजे की नोटिशीचा तारांकित प्रश्न तू लावणार का.

मी मामांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक अर्ज लिहिला, त्यांच्या भागातल्या आमदाराच्या नावाने. मराठीत लिहिला, आणि शेजारच्या त्या मुलाकडून खाली कन्नडमध्येही लिहून घेतला. शेवटची ओळ मामांनी स्वतः सांगितली: अशा नोटिशी आमच्या भाषेत मिळतील काय, आणि मिळणार नसतील तर का, हे आपण सभागृहात विचारावे.

सही करून मामा म्हणाले, "उत्तर कवा येईल ते येऊ दे. विचारलं तर खरं."