थंडीताप आणि रक्तातला वारसा

गडचिरोलीकडे बदली झाली की पूर्वी लोक अभिनंदन करत नसत, सांत्वन करत. १९७५ साली माझी नेमणूक धानोऱ्याकडच्या एका शाळेवर झाली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. १९८२ साली तो चंद्रपूरमधून वेगळा झाला. आईने ट्रंकेत कपड्यांच्या आधी मच्छरदाणी ठेवली होती. तरीही पहिल्याच पावसाळ्यात मी थंडीतापाने घोंगडीखाली कुडकुडत होतो.

तो काळच वाईट होता. १९५८ पासून देशात हिवताप निर्मूलनाची मोठी मोहीम चालली आणि साठच्या दशकात रोग संपत आल्यासारखा वाटला. पण तो उलटला. १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्णांची नोंद झाली.

मला नवल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचे. मास्तर, गार्ड, तलाठी असे बाहेरून आलेले आम्ही आडवे, आणि गावातली गोंड मंडळी मात्र बांधीत रोवणीला उभी. हिवताप कर्मचारी काचपट्टीवर रक्त नेत, तेव्हा ताप नसलेल्यांच्या रक्तातही जंतू निघत. "यांना काही होत नाही," असे आम्ही शिक्षक आपसात म्हणत असू.

ते किती चुकीचे होते, हे पुढे वाचनातून कळले. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत लपतो आणि त्या पेशीच्या पृष्ठभागावर आणलेल्या प्रथिनाचे रूप बदलत राहतो. शरीर एक रूप ओळखायला शिकते, तोवर दुसरे पुढे येते. त्यामुळे गोवरासारखी कायमची प्रतिकारशक्ती येथे मिळत नाही. वारंवार ताप येऊन गेला की शरीर जंतूला हाकलत नाही, पण आवरून धरते. हे शिक्षण पुरे होण्याआधीच कित्येक लहान मुले दगावतात. पहिलटकरणीच्या वारेत जंतू दडून बसतो आणि तिला पुन्हा धोका होतो. काही वर्षे बाहेरगावी राहिले की शरीर बरेचसे विसरतेही. बांधीत उभी दिसत ती वाचलेली माणसे होती. गेलेली बाळे आमच्या हजेरीपटावर कधी आलीच नाहीत.

दुसरे संरक्षण जन्मतःच मिळते. १९४९ साली हाल्डेन या शास्त्रज्ञाने असे सुचवले की काही रक्तदोष हिवतापाच्या प्रदेशात टिकले, कारण ते तापापासून वाचवतात. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत त्याचा पुरावा मांडला. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला, तर माणूस 'वाहक' होतो. त्याच्या पेशीत जंतू नीट वाढत नाही, म्हणून जिवावरचा हिवताप त्याला सहसा होत नाही. दोघांकडूनही आला, तर मात्र सिकलसेलचा आजार होतो. आणि अशा रुग्णाला हिवताप अधिकच घातक ठरतो. आपल्या मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. आमच्या शाळेपर्यंत मात्र तो शब्द पोचला नव्हता.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. डोळे पिवळसर, हातपाय काटकुळे. थंडीच्या दिवसांत कवायतीला उभा राहिला की गुडघे धरून खाली बसे. मी त्याला कामचुकार म्हणालो, एकदा छडीही मारली. पुढे तो शाळेत यायचा थांबला. दोन वर्षांनी तो वारल्याचे समजले. त्याची तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे ठामपणे काही सांगता येत नाही. पण सिकलसेलची लक्षणे मी प्रथम वाचली, तेव्हा ओळीओळीत मला तोच दिसत होता.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासण्या होतात, कार्डे मिळतात, आणि लग्न मोडेल म्हणून काही घरांत ती लपवली जातात. "रक्त खराब आहे," असे माणसे एकमेकांना ऐकवतात. असे बोलणे कानावर आले की मी थांबून समजावतो. वाहक असणे हा आजार नव्हे. ज्या जंगलात ताप पोरे नेत होता, तिथे या रक्ताने तुमच्या पणजोबांना वाचवले असेल. दोघे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांची कार्डे ताटात शेजारी ठेवून पाहा, लपवू नका.

आणि मास्तर मंडळींना एवढेच सांगणे, की कवायतीत एखादे पोर खाली बसले, तर छडी उचलण्याआधी त्याचे डोळे पाहा.