खोक्याची वंशावळ

आमच्या घरी संगणक आला तो २०१२ सालच्या दसऱ्याला. त्या वेळी आमची कन्या नुकती पाटी-पेन्सिलीला लागली होती. आज ती बारावीत आहे. मुलीची उंची वाढली, संगणकाचा मात्र दम तेवढा वाढला. सकाळी त्याचे बटण दाबावे, चहाचे आधण ठेवावे, चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र स्थिर होई.

दुरुस्ती करणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी. त्याने झाकण काढून आत टॉर्च मारला, एक फुंकर घातली आणि म्हणाला, “गुरुजी, नवा घ्या. नाहीतर याच्यात पैसे घाला. पण घालाल ते बुडीत समजून घाला.”

झाले! घरात दोन तट पडले. मुलीला नवा हवा. आई म्हणाली, “चालतोय ना? मग कशाला काढता?” सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, तेवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा होईल.” निर्णय माझ्यावर आला. इतिहासाच्या मास्तराला निर्णय घेता येत नसला की तो मागे वळून पाहतो. मीही तेच केले.

मागे पाहिले तर हा पेच आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या संगणकांइतकाच जुना निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक जुळवला. १९५६ साली त्याची छोटी प्रतिकृती चालू झाली आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती किती? चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दहा किलोबाइट. आमच्या थकलेल्या खोक्याची स्मृती त्याच्या चार लाख पट भरते. तरीही आम्ही त्याला म्हातारा म्हणतो!

पण टिफ्रॅकचे दैव पाहा. तो तयार होत असतानाच परदेशात ट्रान्झिस्टरवर चालणारी यंत्रे येऊ लागली होती. बारशाच्या दिवशीच पोर वयात येऊन गेले होते म्हणा ना. नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर बसवून त्याची डागडुजी होण्यासारखी नव्हती. मांडणीच मुळातून निराळी. १९६४ साली संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा ‘३६००’ संगणक आला आणि टिफ्रॅकचे राज्य संपले. मग ते सारे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. यंत्र गेले, पण ते जुळवताना तयार झालेली माणसे राहिली.

म्हणजे त्या काळी प्रश्नच नव्हता: जुने काढा, नवे आणा. ‘याच्यातच थोडे काही बसवू या का’ हा घरगुती विचार करण्याची सोय पुढे एका खाचेने केली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याची मूळ स्मृती अवघी १६ किलोबाइट. परंतु मुख्य पाटीवर पाच रिकाम्या खाचा ठेवल्या होत्या, आणि आतल्या जोडणीचा तपशील कंपनीने पुस्तकरूपाने विकायला काढला होता. खाच रिकामी आणि नकाशा उघडा. मग काय, ज्याला जे सुचेल ते त्याने कार्ड करून त्यात खोचावे. पुढे याच मोकळेपणामुळे इतरांनी हुबेहूब तसेच संगणक बनवले आणि आयबीएमच्याच बाजाराला वाटेकरी झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक ‘असेंबल’ करण्याचा जो धंदा बहरला, त्याचे मूळ त्या पाच खाचांत आहे.

त्याच खाचेतून मराठीही आत शिरली. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीवर काम झाले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाले, मोहन तांबे प्रभृती मंडळी तेथे आली आणि ‘जिस्ट’ कार्ड घडले. हे कार्ड खाचेत बसवले की ज्या यंत्राला इंग्रजीवाचून दुसरी लिपी ठाऊक नव्हती ते देवनागरी अक्षरे दाखवू लागे. यंत्र तेच, आज्ञावली तीच, अक्षरे मात्र आपली. डागडुजीचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे विंडोजचे राज्य आले, त्या जुन्या धाटणीच्या खाचाही नव्या यंत्रांतून नाहीशा झाल्या, आणि कार्ड धडधाकट असूनही त्याला बसायला जागा उरली नाही.

इथे मी थबकलो. कारण आमच्या खोक्याची तीच गत आहे. त्याचा प्रोसेसर बदलायचा तर मुख्य पाटी बदलावी लागते. पाटी बदलली की जुनी स्मृती तिच्यात बसत नाही, कारण डीडीआर-३ ची खाच निराळी आणि डीडीआर-४ ची निराळी. जुन्या वाड्यात एक भिंत उकरावी तर तुळई हलते, तुळईला हात लावावा तर माळवदाची माती डोक्यावर येते, तसलाच प्रकार. शेवटी जुने म्हणून उरते ते पत्र्याचे खोके.

आणि आता यंत्राचे मरण यंत्राच्या हाती राहिलेलेच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. वर्षभराची मुदतवाढ तेवढी देऊ केली. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर हवा तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा दुसऱ्या पिढीतला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण दारात उभे करीत नाहीत!

एवढे कळल्यावर नवा घेऊन मोकळे व्हावे, हे शहाणपणाचे. पण एक गोष्ट मी घरात कुणाला बोललो नव्हतो. माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या या यंत्रात आहेत, आणि त्या युनिकोडमध्ये नाहीत. त्या काळच्या एका फाँटात टंकलेल्या आहेत. त्यात अक्षरे मुळात इंग्रजीच. फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नसेल तिथे फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रात चालेल याची हमी विकणाराही देईना. पैकी एका कादंबरीचे पुस्तक निघालेच नाही. तिची प्रत जगात एवढीच.

मी हे सांगितले तेव्हा घरात कुणीच बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाल्या, “आधी ती बाहेर काढा. ओट्याचे पुढे पाहू.”

त्यानुसार ठरले ते असे. जुन्या यंत्राची मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारे काही नाही, म्हणून शोधाशोधीचा वेळ वाचतो. मूळ तबकडीची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली. स्मृती चारची आठ जीबी केली. इंटरनेटची तार काढून टाकली; आता हे यंत्र बँकेचे काम करणार नाही, की मुलीचे अर्ज भरणार नाही. ती कामे तूर्त शेजारच्या केंद्रावर. मुलीसाठी नवा संगणक घ्यायचा, पण प्रवेश कोणत्या शाखेला मिळतो ते कळल्यावर. तोवर ती रक्कम पोस्टात. मुलीने तोंड फुगवले, पण फार नाही.

आता चहाचे आधण ठेवायच्या आत यंत्र जागे होते. रोज रात्री जेवणानंतर आम्ही बापलेक एकेक प्रकरण युनिकोडमध्ये उतरवतो. रूपांतर करणारी आज्ञावली बहुतेक बरोबर करते. रफारात मात्र चुकते. “बाबा,” परवा मुलगी म्हणाली, “तुमची नायिका दऱ्या उतरत होती ना? इथे ती दर्या उतरतेय.” मी दुरुस्त केले. त्या न छापलेल्या कादंबरीची अठरा प्रकरणे झाली. पाच उरली आहेत.